तांदळात लिहिलेलं दुसरीचं नाव

लग्नात नवरीचं नाव बदलायचं असलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्यानं, मास्तरांनी, ताट पुढं ओढलं आणि न थांबता लिहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येत होतं. वाकून वाचलं. ते त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव होतं.

 आईनं तोंडाला पदर लावला. वडील म्हणाले, "चांगलं नाव हाय की." मग साखर वाटली. माझं नाव, जे पाळण्यात घालताना माझ्या आत्यानं माझ्या कानात सांगितलं होतं, ते त्या तांदळाखाली गेलं. मी ते विसरले नाही. ज्यानं ते पुसलं त्यालाही विसरले नाही.

हे मी मास्तर शाळेत गेल्यावर लिहिते. मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी नुसतं बघितलं तरी माझ्या हातातलं भांडं वाजतं. म्हणून जे बोलायचं राहिलं ते इथं.

माझी निवड कशी झाली ते आधी सांगते. माझं माहेर करमाळ्याकडचं. कुर्डुवाडीला आमच्या एका नातेवाइकाकडं लग्न होतं, तिथं मी पंगतीत पाणी वाढत होते. एका म्हाताऱ्या बाईनं पेला घ्यायला हात पुढं केला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पेला सोडून दिला. "अगं बया," एवढंच म्हणाली. ती माझी होणारी सासू. आठवड्यात तिचा मुलगा बघायला आला. सोलापूरच्या शाळेत शास्त्र शिकवणारा, बिजवर, माझ्याहून बराच मोठा. त्यानं मला काही विचारलं नाही. स्वयंपाक येतो का, वाचता येतं का, काहीच नाही. नुसतं बघत राहिला. मला वाटलं, आवडले. गावात सगळ्या म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं.

सोलापूरच्या घरात पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर मला माझाच फोटो दिसला, चंदनाचा हार घातलेला. तेच कपाळ, तसाच हनुवटीला खड्डा. माझ्याच तोंडाला हार घातलेला बघून मी उंबऱ्याकडं मागं सरले. सासू मागून म्हणाली, "भिऊ नगं. तुझी थोरली हाय ती."

दुसऱ्या दिवशी घरच्यांनी माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. दुसरेपणावर दिलेल्या बाईला तो घालावाच लागतो, नाहीतर मेलेली त्रास देते म्हणतात. नवं लुगडं आणलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. ताट वाढलं की आधी तिला दाखवायचं, मग खायचं. हे मी मानलं. मेलेल्या बाईचा मान मला जड नव्हता. जड होता तो जिवंत माणसाचा हट्ट.

"भांग मधे पाड. ती मधे पाडायची."

"चटणी एवढी भरड? तिची बारीक असायची."

"हसताना तोंडावर हात ठेव. ती ठेवायची."

"तिनं कधी उलट शब्द काढला नाही."

शेवटचं वाक्य तर रोजचं. मी उलट शब्द काढतच नव्हते, तरीही. कुठं चुकेन ते कळायचं नाही, कारण जिच्यासारखं व्हायचं तिला मी पाहिलेलंच नव्हतं. रोज नेसायची लुगडी तिची. तिच्या पायाच्या वहाणा मला बोटभर मोठ्या होत्या, त्यांत चिंध्या कोंबून घालायचे. आणि हाक तिच्या नावाची. पहिल्या पहिल्यांदा मला कळायचंच नाही की मलाच बोलावतायत. मग मास्तर म्हणायचे, "बहिरी आहेस का? तिला एका हाकेत ऐकू यायचं."

माझा राग कुठं निघावा? मी त्या टाकावर काढला. दर सणाला चिंच आणि राख घेऊन बसायचे आणि तो घासायचे. सासू म्हणायची, "लई मनापासून घासती पोर." मी मनापासूनच घासत होते. काही दिवाळ्यांत मी तिचं नाक झिजवलं. मग डोळे. तोंड सपाट झालं तेव्हा मला बरं वाटलं.

गल्लीत एकच माणूस होतं ज्यानं मला माझं नाव विचारलं. शेजारची खाला. तिच्या घरच्यांचं सायकलींचं दुकान. मी आले त्याच आठवड्यात नळावर ती म्हणाली, "ये नाम तो उसका था. तेरा क्या है गे?" मी इकडं तिकडं बघून हळूच सांगितलं. तेव्हापासून नळावर कोणी नसलं की ती मला माझ्या नावानं हाक मारायची. दिवसातून तेवढीच माझी हाक.

आणीबाणी उठून एक उन्हाळा गेला होता, दुसरा आला होता, तेव्हाची ही गोष्ट. पेपरात आलं की परदेशात एका श्रीमंत माणसानं स्वतःच्या अंगातला कण देऊन हुबेहूब आपल्यासारखं मूल बनवून घेतलं. खरं की खोटं कोणालाच माहीत नव्हतं. पण आमच्या ओसरीत रविवारी चहाला येणाऱ्यांना विषय मिळाला. दोन शिक्षक आणि एक वकील. वकील जाडजूड, हसरे, अक्कलकोटकडचे. मी आत चहा गाळत सगळं ऐकायचे.

वकील म्हणाले, "त्यात नवल काय? उसाची कांडी पुरली की तोच ऊस उगवतो. आता माणसाची कांडी."

"मास्तर, तुमची कांडी लावू नका हं," एक शिक्षक म्हणाला. "शास्त्राला दोन मास्तर झाले तर पोरं तलावात उड्या टाकतील."

सासू कोपऱ्यात वाती वळत होती. तिनं विचारलं, "मंग बाई लागतच न्हाय म्हना की."

"लागते की, आजी. पोटात वाढवायला लागतेच."

"म्हंजे वझं व्हायला बाईच," सासू म्हणाली आणि वात वळत राहिली.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांना विषय झोंबला होता. म्हणाले, हे पाप आहे, हा माणसाचा अपमान आहे. वकील मुद्दाम उलट बोलायचे. म्हणायचे, ज्या आईचं एकुलतं एक लेकरू गेलं, तिला तेच लेकरू परत मिळालं तर तुम्ही कोण नाही म्हणणारे? वाद एवढा चढला की शेवटी शाळेच्या पटांगणात उन्हाळ्याची व्याख्यानं व्हायची त्यात हाच विषय ठेवायचा ठरला. एका बाजूनं वकील, एका बाजूनं मास्तर.

मग मास्तर घरी भाषणाची तयारी करू लागले. मी शेंगाची चटणी कुटत असायचे आणि ते समोर उभे राहायचे.

"थांबव ते उखळ. ऐक. माणूस म्हणजे मागावरची चादर नव्हे, की एक विरली म्हणून तशीच दुसरी काढली. ज्याला बनवायचं, त्याला कोणी विचारलं का? जन्मायच्या आधीच ज्याच्या गळ्यात दुसऱ्याचं आयुष्य अडकवलं, त्याचं स्वतःचं म्हणून काय उरलं?"

माझ्या गळ्यातला टाक घामानं छातीला चिकटला होता. मुसळ माझ्या हातात होतं. मी ते घट्ट धरून बसले.

"कसं वाटलं?"

"चांगलं हाय."

"ती असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ह्या माणसाला एकदा तरी दुखलं पाहिजे. मोठं नाही. पण जिथं दुखलं ते पुन्हा भरून येऊ नये असं.

संध्याकाळी नळावर मी खालाला हे सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं असतं म्हणाले, हेसुद्धा. खाला एवढी हसली की घागर भरून वाहू लागली तरी तिला भान नाही.

"उसके आँखों में पानी? अगे, मास्तर का भाषण सुनते सुनते वो सो जाती थी. मेरेकू बोलती, खाला, शाळा सुटली तरी इनकी घंटी नै होती."

मला वाटलं ती दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. म्हटलं, "पण त्या तर कधी उलट बोलायच्या नाहीत ना?"

"मराठी में नै बोलती थी." खाला डोळे पुसत म्हणाली. "वो अक्कलकोट तरफ की. गुस्सा आया की कानडी. मास्तर पूछते, क्या बोली? तो बोलती, देवाचं नाव घेतलं."

मग खालानं सगळं सांगितलं. मास्तर चर्चा करून उशिरा यायचे, तर ती त्यांच्यासाठी उपाशी थांबायची नाही. भाकरी तव्यावरून उतरली की गरम गरम खाऊन घ्यायची, पाय पसरून, दाराच्या चौकटीला टेकून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. म्हणायची, पोटाला काय नवरा दिसतो? मोठ्यानं हसायची, तोंडावर हात न ठेवता. चटणी भरडच करायची, बारीक कुटायचा कंटाळा म्हणून. आणि मास्तर आले की पाटावर बसायच्या आधीच तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "नंद ऊटा आतु, नीव बडस्कोरी." माझं जेवण झालं, तुम्ही तुमचं वाढून घ्या.

"गल्ली की पोरियाँ भी वो बोली सीख गई थीं," खाला म्हणाली. "बुखार में गई बिचारी. मरने के बाद मास्तर ने उसकू गाय बना दिया."

घागर घेऊन मी घरी आले आणि फोटोसमोर उभी राहिले. इतकी वर्षं मी तिचा राग केला. आणि ती माझ्यासारखीच निघाली. तिलाही पुसून टाकलं होतं. ती जिवंत होती तेव्हा मास्तरांना पुसता आली नाही, म्हणून मेल्यावर पुसली. माझ्या गळ्यात जी बांधली ती ती नव्हतीच. मी टाक हातात घेऊन बघितला. नाक नाही, डोळे नाहीत. म्हटलं, बाई, मी चुकीच्या माणसाला घासत होते.

त्या रात्री मी ते कानडी वाक्य तोंडात घोळवत झोपले. पण बोलायची हिंमत नव्हती. भांडं वाजवणारी मी, काय बोलणार?

व्याख्यानाला पटांगण भरलं होतं. बायकांना डाव्या बाजूला सतरंजी. मी तिच्या लुगड्यात, मधे भांग पाडून, सासूजवळ बसलेली. आधी वकील बोलले, लोक हसले. मग मास्तर उभे राहिले. ते चांगले बोलतात, हे मी नाकारत नाही. म्हणाले, देवानं एकासारखा दुसरा चेहरा दिला तरी एकासारखा दुसरा जीव दिला नाही. म्हणाले, कोणालाही दुसऱ्याच्या साच्यात ओतायचा हक्क बापाला नाही, सरकारला नाही, कोणालाच नाही. नवऱ्याचं नाव त्या यादीत आलं नाही. टाळ्या पडल्या. माझ्या पुढची बाई मागं वळून म्हणाली, "नशीबवान गं तू. काय माणूस हाय."

मी मान हलवली.

शेवटी प्रश्न घेतले. मागून कोणीतरी विचारलं, "चेहरा तोच आला, पण स्वभाव येईल का?"

मास्तर म्हणाले, "समजा आला. पण आपल्याला हवा तेवढाच येईल, असं थोडंच आहे? नक्कल मागाल तर गुण येतील तसे अवगुणही येतील. आपण आठवणीत जपतो ते आपल्या सोयीचं माणूस असतं. येईल ते सगळं येईल."

सगळं येईल. मी सतरंजीवर बसून ते शब्द गोळा केले, जसे सांडलेले दाणे गोळा करतात.

भाषण गाजलं म्हणून पुढच्या रविवारी मास्तरांनी वकिलांना आणि दोघा शिक्षकांना जेवायला बोलावलं. मला सांगितलं, "शेंगपोळी कर. तिच्यासारखी."

"त्यांच्यासारखीच करते," मी म्हटलं.

सकाळपासून मी स्वयंपाक केला. शेंगपोळ्या, आमटी, भात, भरड चटणी. ओसरीत मंडळी येऊन बोलत बसली. मास्तरांनी पाट मांडले, रांगोळी काढायला सासूला सांगितलं. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात एक ताट वाढलं. आधी टाकाला दाखवलं. सासू रोज हेच सांगायची, आधी तिला, मग आपण. मी म्हटलं, बाई, तू जशी जेवायचीस तशी जेव. आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, पाय पसरून, पाहुण्यांच्या आधी, नवऱ्याच्या आधी, मी जेवायला बसले.

पहिला घास गिळेना.  दुसरा गेला. तिसऱ्याला मला पोळीची चव लागली. तूप चांगलं सुटलं होतं.

मंडळी पाटांवर येऊन बसली. चौकट समोरच. मास्तरांनी मला बघितलं. आधी त्यांना काय बघतोय तेच कळलं नाही. मग दात आवळून म्हणाले, "हे काय चाललंय? ऊठ. पानं वाढ."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. फोटोकडं बघितलं. आणि बोलले. आवाज हळूच निघाला, पण निघाला.

"नंद ऊटा आतु. नीव बडस्कोरी."

वकील खदखदून हसले. "वा, वहिनी! आमच्याकडची बोली कुठं शिकलात? ऐका मंडळी, वहिनी म्हणतात माझं जेवण झालं, तुम्ही तुमचं वाढून घ्या." त्यांना ती गंमत वाटली. शिक्षकांनाही वाटली.

मास्तरांना वाटली नाही. त्यांना ह्या वाक्याचा अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचं तोंड पांढरं पडलं, आणि मला कळलं की ते वाक्य त्यांना चांगलं पाठ होतं. देवाचं नाव नाही, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

आणि मग सासू. रांगोळीचा डबा तिच्या हातात तसाच. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आता गं बया. हीच की ती. असंच बसायची, असंच बोलायची. अगदी तीच आली बग."

"आई, गप्प बस."

"मी कशाला गप बसू? तूच म्हनत हुतास न्हवं, तिच्यासारखी पायजे, तिच्यासारखी पायजे. आली की."

 वकील हुशार माणूस. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघितलं. नंतर मास्तरांकडं बघून एवढंच म्हणाले, "मास्तर, परवाचं तुमचं भाषण मला आज समजलं."

मास्तरांनी स्वतःच्या हातानं वाढलं. आमटी पानाबाहेर गेली, मीठ विसरलं. शास्त्र शिकवणाऱ्याला मीठ वाढायचं आठवलं नाही. मी माझी शेंगपोळी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. आयुष्यात मला तेवढं गोड काही लागलेलं नाही, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर रविवारची मंडळी आमच्याकडं येईनाशी झाली, वकिलांच्या घरी बसू लागली. मास्तरही जात नाहीत. "ती असं करत नव्हती" हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. भांग मी माझ्या सवयीनं तिरका पाडते. ते कानडी वाक्य मी पुन्हा म्हटलेलं नाही, म्हणायची गरजही पडली नाही. मी मोठ्यानं बोलणारी बाई नाही. ते तिचं होतं, मी एक दिवस ते तिला परत दिलं.

काही महिन्यांनी मास्तर एकदा म्हणाले, "तो टाक काढून ठेव आता. पुरे झालं."

मी म्हटलं, "राहू द्या. आमचं दोघींचं बरं चाललंय."

त्यांना तो गळ्यात नको आहे, हे मला दिसतं. म्हणून तर तो आहे. आता मी तो राखेनं घासत नाही, मऊ फडक्यानं पुसते. तोंड नाही त्याला, पण ज्याला बघायचं त्याला दिसतं.

तिच्या नावानं हाक मारायचीही त्यांची हिंमत होईना. "अगं" म्हणायचे, "ऐकलंस का" म्हणायचे, कधी नुसतं खाकरायचे. मग एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा दारात येऊन उभे राहिले.  मग म्हणाले, "तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

इतकी वर्षं संसार करून त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. तांदळात दुसरं लिहायच्या आधी त्यांनी ते एकदा वाचलंही नसेल. सासूला आठवत नव्हतं. खालाला त्यांनी आधीच विचारून पाहिलं होतं, हे मला खालानंच सांगितलं. ती म्हणाली होती, "मेरेकू नक्को पूछो मास्तर, घरवाली कू पूछो." माझ्या भावाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण मेहुण्याला आपल्याच बायकोचं नाव विचारायचं, तर मास्तरांना आधी आपलं सगळं शिक्षण खाली ठेवावं लागलं असतं.

तवा तापला होता. मी भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगेपर्यंत ते थांबले.

मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. ते अधूनमधून विचारतात, आवाज मऊ करून. मी त्यांचं ताट वाढते, चटणी भरड असते, आणि मी गप्प असते. गप्प बसणं मला त्यांनीच शिकवलं.